पाणी पुढच्याच्या वावरातून जातं

मी चांदूर रेल्वेला शाळेत शिकवते आणि माझं माहेर अकोट सोडून तेल्हाऱ्याकडे जाताना लागतं. म्हणजे नोकरी अमरावती जिल्ह्यात, माहेर अकोला जिल्ह्यात आणि मधलं निम्मं आयुष्य एसटीत. नकाशात पाहिलं तर हा एक रस्ता नाहीच. त्याचे तुकडे आहेत, प्रत्येक तुकड्याला वेगळा आकडा आहे, आणि सरकारला काही काम नसलं की ते आकडे बदलतं. आमच्या गावाने त्या आकड्यांकडे कधी लक्ष दिलं नाही. आमच्यासाठी तो नुसता ‘रोड’. पोरगा घरात नसला तर रोडवर गेलेला असतो, पाहुणे रोडवर उतरतात, आणि माणूस गेला की त्याची बातमी आधी रोडवर कळते.

चांदूरहून निघालं की अमरावतीपर्यंत डोळ्यांना बरं वाटतं. संत्र्याच्या बागा दिसतात, जमिनीला थोडा चढउतार आहे. अमरावतीच्या स्टँडवर गाडी बदलायची. वलगाव मागे पडलं की जमीन जी पसरते ती पसरतेच. काळी, सपाट, ताटासारखी. पूर्णेचा पूल ओलांडला की पाणी खारं होतं. हॉटेलातला चहासुद्धा जिभेला सांगतो की आपण खारपाणपट्ट्यात आलो. मग दर्यापूर, मग अकोट. अकोटनंतर उजव्या हाताला सातपुडा दिसायला लागतो आणि डाव्या हाताला काहीच दिसत नाही, नुसती पऱ्हाटी, कापसाची झाडं. पाऊस पडतो सातपुड्यात आणि पाण्याला जायचं असतं पूर्णेत, म्हणजे उजवीकडून डावीकडे. रोड या दोघांच्या मधून आडवा जातो. पुढे जे झालं ते सगळं या एका आडव्या रेघेमुळे झालं, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

पूर्वी ही गाडीवाट होती. बाबा सांगायचे, कापसाच्या बंड्या इथून अकोटच्या जिनिंगला जायच्या आणि पावसाळ्यात चाक आसापर्यंत रुतायचं. चार महिने वाट बंद. लेक सासरी असली तर सासरीच, आजारी माणूस घरी असला तर घरीच. छप्पन साली माझा आजा याच वाटेने निघाला, बडनेऱ्याला रेल्वे धरून नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन परतला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याने या वाटेला लागून, दक्षिणेच्या बाजूला, एक वावर घेतलं. आमच्या घराण्यातलं ते पहिलं वावर. त्याआधी आमच्याकडे जमीन होती ती फक्त दुसऱ्याच्या वावरातून आलेली, पायाला लागून.

बहात्तरच्या दुष्काळात या वाटेचा रस्ता झाला. आई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. हळदीच्या अंगाने तिने इथे खडी फोडली. पुढे डांबर आलं. पण काळ्या मातीवर रस्ता करणं म्हणजे रेड्याच्या पाठीवर ताट मांडणं. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि वरचं डांबर वाळत घातलेल्या गोधडीसारखं लोंबतं. अवघडलेली बाई अकोटच्या गाडीत बसली तर तिला दवाखान्याची गरज पडत नाही, असं आमच्याकडे म्हणायचे. कंडक्टरसुद्धा म्हणायचे. हसून हसून आम्ही तो रस्ता सहन केला.

तरीही त्या वाईट रस्त्याचा एक गुण होता. तो जमिनीच्या बरोबरीचा होता. जोराचा पाऊस झाला की सातपुड्याकडचं पाणी यायचं, रस्त्यावरून पसरून पलीकडे उतरायचं आणि निघून जायचं. एसटी दोन्ही बाजूंना उभी राहायची. ड्रायव्हर बिडी ओढायचा. पाणी गेलं की गाडी जायची. पाणी सगळ्यात जास्त कुठे असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: आमच्या वस्तीच्या समोर, आमच्या वावराच्या तोंडाशी.

गावाची मांडणी अशी, की गाव रोडच्या उत्तरेला, जरा उंचावर. त्याच्या खाली, रोडला लागून, आमची बौद्धांची वस्ती. रोडच्या पलीकडे दक्षिणेला सगळी वावरं, एकाला एक लागून. बाबांनी वस्तीत विटांचं घर बांधलं होतं. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं, वावर मात्र दादाच करतो. दादा माझ्यापेक्षा मोठा. त्याने वर गावात स्लॅबचं घर बांधलं, पण आई खालीच राहिली. विहार खाली, मैत्रिणी खाली, भांडायला माणसं खाली. वर जाऊन काय करू, म्हणायची.

मग रोडचा, राज्य महामार्ग म्हणून शोभेल असा, रस्ता करायचं ठरलं. आधी झाडं गेली. कडुनिंब, बाभळी, दोन्ही बाजूंची. मग काळी माती उकरली, मुरूम भरला, रोलर फिरला, पुन्हा मुरूम, पुन्हा रोलर. मधेच काम बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. त्या दिवसांत पऱ्हाटीच्या पानांवर इतकी धूळ असायची, की हिरवं पान पाहायला फुंकर मारावी लागे. आणि रस्ता वर येत राहिला. काळ्या मातीतून रस्ता सुटावा म्हणून तो उंच करतात, हे मला मान्य आहे. पण शेवटी सिमेंट पडलं तेव्हा वस्तीच्या अंगणात उभं राहिलं की रोड आईच्या छातीला लागत होता. रोडवरून जाणाऱ्या माणसाचे आधी पाय दिसायचे, मग माणूस.

याच्या आधी, मुरूम पडण्याच्याही आधी, मोजणीवाला साहेब आला होता. ही गोष्ट मला दादाने सांगितली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेवताना. तो सांगत होता आणि आम्ही सगळे पोट धरून हसत होतो.

साहेब पश्चिमेकडचा, पुण्याच्या बाजूचा. डोक्याला रुमाल, हातात यंत्र. पण जमीन इतकी सपाट की यंत्रालाही उतार लवकर सापडेना. वैशाखातले दिवस. वावरं नांगरून पडलेली, पाण्याचा थेंब नाही की पाण्याच्या वाटेची खूण नाही. म्हणून त्याने माणसांना विचारायचं ठरवलं. रोडखालून मोरी काढायची होती, म्हणजे पाणी जायला सिमेंटची वाट. ती कुठे काढायची एवढाच त्याचा प्रश्न.

आता मोरीचं तोंड ज्याच्या वावरात उघडतं, त्याचं वावर गेलं म्हणून समजावं. इतके दिवस पसरून येणारं पाणी एकाच भोकातून बदाबदा पडणार, सोबत गावचा कचरा आणि तणाचं बी. काळी माती पाणी लवकर पीत नाही. पाणी साचतं, मुळ्या गुदमरतात, पऱ्हाटी पिवळी पडून उबळते, उभी वाळते. हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. शिवाय आमच्या गावाची एक जुनी रीत आहे: ‘सरकारी माणसाले पानी बी इचारलं तं आदी नाई म्हनावं, मंग आनून द्यावं.’

साहेब पहिल्या वावरात गेला. तिथले काका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते.

“पावसाळ्यात इथून पाणी जातं का?”

“नाई साहेब. पानी पुढच्याच्या वावरातून जाते.”

साहेब पुढच्याकडे गेला. पुढचा म्हणाला, “अथी कुठी पानी साहेब? थे पुढं, त्यायच्या वावरातून.” त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. साहेब उन्हात एकेक धुरा ओलांडत, यंत्र खांद्यावर घेऊन, गावाच्या या टोकापासून चालत आमच्या वावरात आला. दादा नांगरटीची ढेकळं फोडत होता.

“मी त्याले पानी पाजलं,” दादा सांगत होता, “थंडगार, डेऱ्यातलं. सावलीत बसवलं. मंग म्हटलं, साहेब, खोटं कायले बोलू? पानी अथूनच पुढं जाते. पन आमच्या वावरातून नाई, पुढच्याच्या.”

पुढच्यानेही तेच सांगितलं. असं करत करत साहेब गावची शीव ओलांडून दुसऱ्या गावाच्या हद्दीत पोचला. तिथे कोणी माणूस नव्हता. नाही म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून मोरी तिथे झाली.

आई पदर तोंडाला लावून हसली. वहिनीला ठसका लागला. मीही हसले. बनवलं साहेबाला, असंच वाटलं सगळ्यांना. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्या, एवढाच त्यातला हिशेब. गावात एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या माणसांनी त्या दिवशी, काही न ठरवता, एकच उत्तर दिलं होतं. अशी एकी आमच्या गावात ना निवडणुकीत दिसली ना लग्नात.

शिवेवरची ती मोरी अजून आहे. इतकी देखणी मोरी साऱ्या रस्त्यावर नसेल. भर पावसात कुत्रं तिच्यातून कोरड्या पायांनी जातं.

रस्ता पुरा झाल्यावर जो पावसाळा आला, त्यात एका दुपारी आईचा फोन आला. “घरात पानी आलं वं,” म्हणाली. पाहुणे आल्यासारखं म्हणाली. मी विचारलं किती, तर म्हणाली, “खाटीवर बसून हावो.”

मी गेले तेव्हा वस्ती तळ्यात होती. सातपुड्याकडून आलेलं पाणी रोडला येऊन टेकलं होतं आणि त्याला पलीकडे जायला जागा नव्हती. भिंतीला टेकून माणूस बसतं तसं ते बसलं होतं. विहाराच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. शेजारच्या घरातली म्हातारी, जिला वर्षभर उठता येत नव्हतं, तिला चौघांनी खाटेसकट उचलून रोडवर ठेवलं होतं आणि बाजूने ट्रक जात होते. आईच्या घरात ज्वारीचं पोतं फुगून उकललं होतं. भिंतीला विटांच्या दोन थरांपर्यंत गाळाची रेघ होती. मी रोडवर चढून पलीकडे पाहिलं. दादाचं वावर स्वच्छ, कोरडं, हिरवंगार. त्या वर्षी कधी नव्हे एवढी पऱ्हाटी आली होती.

पाणी उतरायला किती दिवस लागले ते आठवत नाही. वास मात्र दिवाळीपर्यंत गेला नाही.

पुढच्या वर्षीही तेच झालं, आणि जास्त झालं. आईच्या घराची मागची भिंत फुगली. एका बाजूने हात लावला की दुसऱ्या बाजूने पोपडा पडायचा. अजून एक पावसाळा हे घर काढणार नाही, हे दिसत होतं, आणि नुसतं आईचं नाही, सगळी खालची रांग.

दादा तिला न्यायला आला तेव्हा मी तिथे होते.

“माह्या घरी चाल,” दादा म्हणाला. “वरतं पानी येत नाई. समोरची खोली रिकामी हाय.”

“मी येतो,” आई म्हणाली. “अन् बाकीचे?”

“बाकीच्यायचं बाकीचे पाह्यतीन.”

“कुठी जातीन थे?”

“मले काहून इचारतं? मी आनलं का पानी?”

पाणी कोणी आणलं नव्हतं, पण कोणी अडवलं होतं ते त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. मीच न राहवून म्हटलं, “दादा, साहेबाला खरं सांगून मोरी इथे करून घे ना. वावराचा एक तुकडा जाईल.”

दादा माझ्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

“तुले सोपं हाय बाई. तू चांदूरले बसून राहिली. आज्यानं घेतलं थे वावर. आपल्या लोकायपाशी बोटभर जमीन नोती तवा. वीस वर्सं मी त्याच्यात तलावाचा गाळ टाकून राहिलो, तवा कुठी थे जमीन झालं. थे गटार करू म्हनतं? पहिल्या वावरातले काका करतीन का त्यायच्या वावराचं गटार? कोनीच नाई करत. मंग आपल्यानंच काहून कराव? आपलंच काहून जाव दरवेळी?”

मला दादाचा राग आला आणि त्याचं बरोबर आहे याचाही राग आला. आईला वाचवायला त्याच्याकडे एक सरळ उपाय होता, तो करायला तो तयार होता. आईच ऐकत नव्हती. वस्तीतल्या दुसऱ्या एखाद्याचं वावर तिथे असतं तर त्याने काय केलं असतं, हे मला न विचारता ठाऊक आहे.

“त्यायनं तुह्या बापाले खांदा देला,” आई एवढंच म्हणाली, आणि दादा गेला.

वस्तीतल्या पोरांनी अर्ज केले, रोडवर बसले, एकदा गाड्या अडवल्या. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत पाहणी ठरली. दुसरा साहेब आला, हाही भला माणूस होता. सरपंच होते, वस्ती सगळी रोडवर चढून उभी होती, आणि पलीकडच्या बाजूला दक्षिणेचे वावरवाले ओळीने उभे होते. कापूस फुटला होता. दादा वेचणीत होता. कंबरेला ओटी बांधलेली, तो वेचता वेचता थांबून पाहत होता, वर आला नाही.

साहेब म्हणाला, “रस्ता कापून मोरी काढता येईल, मंजुरी मी आणतो. पण नेमकं पाणी कुठून जात होतं, ते सांगा. मागच्या वेळी तुम्हीच सगळ्यांनी लिहून दिल्यासारखं सांगितलं, की इथे पाणीच नाही. आता मी कुठे खोदू? उद्या ज्याच्या शेतात पाणी सोडीन तो कोर्टात जाईल.”

वस्तीतले दादाकडे पाहत होते आणि तोंडाने काही म्हणत नव्हते, कारण तो त्यांच्यातलाच. वावरवाले रोडकडे पाहत होते. पहिल्या वावरातले काका नुसते खाकरले. साहेबाने दुसऱ्यांदा विचारलं.

आई माझ्या शेजारी उभी होती. ती निघाली तेव्हा मला वाटलं, कंटाळून घरी चालली. पण ती रोड ओलांडून पलीकडे गेली, बसत घसरत उतार उतरली आणि आमच्या वावराच्या तोंडाशी, पऱ्हाटीला पाठ करून उभी राहिली.

“अथी,” ती म्हणाली. “पानी अथून जाते.”

साहेब वरून वाकला. “नक्की, आजी?”

“मी लगन होऊन आली तवापासून पाह्यतो. आमच्याच वावरातून जाते. माह्या पोरानं तुमच्या मानसाले खोटं सांगतलं. मी बी हासली.”

“जमीन कोणाच्या नावावर आहे?”

“माह्या.”

“तुमची हरकत नाही?”

आईच्या मागे, हाकेच्या अंतरावर दादा उभा होता. ती वळली असती तर तिला तो दिसला असता. ती वळली नाही.

“खोदा,” म्हणाली.

सगळ्यात आधी पहिल्या वावरातले काका बोलले. “बरोबर हाय बुढीचं. पानी तथूनच जाये.” मग दुसरा म्हणाला, हो, तिथूनच. मग सगळे म्हणाले. इतकी वर्षं ज्यांना काही आठवत नव्हतं, त्यांना सगळं आठवलं. खरं तर पाणी त्या सगळ्यांच्या वावरांतून थोडं थोडं जायचं. आमच्यातून जास्त, एवढंच. पण आता आईने तोंडाने म्हटलं होतं, की आमच्याच. मला त्या माणसांना ओरबाडावंसं वाटलं. वस्तीतल्या बाया आईला वर ओढून घेत होत्या, कोणी तिच्या पाया पडत होतं. दादाने ओटी सोडली, कापूस पोत्यात रिकामा केला, ओटी पुन्हा बांधली आणि वेचायला लागला.

उन्हाळ्यात रस्ता कापला, मोरी झाली, वरून पुन्हा सिमेंट झालं. दादाने त्या कामाच्या वेळी एकदाही वाद घातला नाही. मजुरांना पाणी दिलं म्हणे. आईकडे येणं त्याने बंद केलं असंही नाही. तो यायचा, दारात उभा राहायचा, औषध आणलं का विचारायचा, जायचा. बसायचा नाही. आई मला फोनवर सांगायची, “आला होता,” आणि पुढे काही सांगायची नाही. मी खोदून विचारलं तर म्हणायची, तुही भाजी झाली का.

त्या पावसाळ्यात, श्रावणात, सुट्टी जोडून मी गावी निघाले. अमरावती सोडलं तेव्हा नुसतं आभाळ होतं. अकोटला पोचेपर्यंत सातपुडा दिसेनासा झाला होता. गाडीच्या काचा बंद, आत माणसांच्या वाफा. मला एकच भीती: मोरी पुरी पडते की नाही. घराची भिंत उभी असेल की नाही.

मी रोडवर उतरले आणि आधी वस्तीकडे पाहिलं. कोरडी होती. म्हणजे पाऊस पडत होता, अंगणात चिखल होता, पण पाणी थांबलेलं नव्हतं. मोरीच्या तोंडाशी ते घुसळत आत जात होतं. विहाराच्या पायऱ्या दिसत होत्या. आईच्या दारात शेजारणीची पोरं खेळत होती. मला रडू आलं, आनंदाचंच. मी दारातून हाक मारली. पोरं म्हणाली, बुढी पलीकडे गेली.

रोडच्या दुसऱ्या कडेला जाऊन मी खाली पाहिलं. वावर नव्हतं. पाणी होतं आणि पाण्यातून पऱ्हाटीचे शेंडे. मोरीतून पडणारा लोट वावरात पसरत होता आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थबकत होता, कारण तिथे नवा धुरा होता. शेजारच्या वावरवाल्याने उन्हाळ्यातच माती टाकून कंबरभर उंच धुरा घातला होता, आमच्या वावराच्या दोन बाजूंनी, पार खालच्या नाल्यापर्यंत. पाणी पुढे सोड म्हणून दादा त्याच्याकडे गेला होता, हे मला नंतर वहिनीने सांगितलं. तो म्हणाला, “तुह्या मायनं चार मानसात सांगतलं ना, का पानी तुमच्याच वावरातून जाते? मंग जाऊ दे ना तुमच्याच वावरातून.”

दोन बाजूंनी धुरा आणि नाल्याकडे उतार नाही; जायला वाट नव्हती, म्हणून ते जात नव्हतं. वस्तीचं तळं रोडखालून सरकून आज्याच्या वावरात आलं होतं.

दादा गुडघाभर पाण्यात, वावराच्या कडेने, फावड्याने नाली काढत होता. आपल्याच धुऱ्याच्या आतून, नाल्यापर्यंत. काढलेली माती पाण्यात पुन्हा बसत होती. आणि आई त्याच्या मागे होती. पोत्याची खोळ डोक्यावर, लुगड्याचा काचा मारलेला. ती घमेल्याने गाळ उचलून धुऱ्यावर टाकत होती. सत्तरी ओलांडलेली बाई. तो पुढे सरकला की ती सरकायची.

मी हाका मारल्या. पावसात त्यांना ऐकू गेल्या नसतील.

नालीची कड कोसळली, पाणी परत भरलं, तेव्हा दादा थांबला. मग आईला म्हणाला, “घरी जा. भिजून राहिली.”

“माह्यं घर कोरडं हाय,” आई म्हणाली. “म्हनून तं आली.”

दादाने तिच्या हातातलं घमेलं घेतलं, त्यातलं पाणी ओतलं आणि ते काखेत धरून रोडकडे निघाला. आई मागून. मोरीच्या बाजूचा उतार निसरडा झाला होता. दादा सवयीने चढून वर आला आणि वळला. आई खाली उभी होती. तिला चढता येईना. तिने वर हात केला.

दादाने हात पुढे केला नाही. त्याने फावडं उलटं धरून दांडा पुढे केला. आईने तो दोन्ही हातांनी धरला आणि त्याने तिला ओढून वर घेतलं, सावकाश, नीट, तिचा पाय सरकणार नाही अशा बेताने. ती रोडवर आल्यावर त्याने फावडं तिच्या हातातून सोडवून घेतलं. दोन्हीकडे पाहिलं, येणारा ट्रक जाऊ दिला, आणि वर गावाकडे चालायला लागला. आई वस्तीकडे उतरली.

मी बॅग घेऊन रोडवर उभी होते. कोणाच्या मागे जावं ते मला कळेना. अकोटकडून येणाऱ्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा मी बाजूला झाले.